एका मल्लाची तीन नावं

किंगकाँग हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते वडिलांच्या तोंडून. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि फ्रीस्टाइल कुस्त्यांचे दर्दी होते. दारासिंगने त्या डोंगराएवढ्या किंगकाँगला कसा डोक्यावर उचलला, हे ते चाळीच्या गॅलरीत उभं राहून हातवाऱ्यांसह सांगत. आमचे थोरले काका गावी तांबड्या मातीत वाढलेले. ते सगळं ऐकून घेत आणि शेवटी मिशीतल्या मिशीत हसून म्हणत, की ही सगळी नुरा कुस्ती, आधी ठरवून खेळलेली. त्यावरून दोघा भावांत दोन-दोन दिवस अबोला होई.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका कादंबरीच्या निमित्ताने मी त्या काळच्या फ्रीस्टाइल मल्लांची माहिती जमवायला बसलो. किंगकाँगचं खरं नाव एमिल चाया, वंशाने हंगेरियन. आपल्याकडे दारासिंगशी झुंजणारा हा माणूस नोव्हेंबर १९५५ मध्ये टोकियोला गेला आणि आशियाई अजिंक्यपदाच्या लढतीत हरला. त्याला हरवणाऱ्याचं नाव रिकिदोझान. महायुद्धात हरलेल्या जपानला ज्याने पुन्हा मान वर करायला शिकवलं, तो हा मल्ल. पुढे वाचत गेलो आणि थबकलो. जपानचा हा राष्ट्रीय वीर जन्माने जपानी नव्हताच. तो कोरियन होता, आणि आयुष्यभर त्याने ही गोष्ट जपानपासून लपवून ठेवली होती.

कादंबरी बाजूला राहिली. त्याला कारण होतं. गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांत मी गिरणगावातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एक दिवस पन्नाशीचा एक कामगार देणी मिळाल्याचा चेक घेऊन खातं उघडायला आला. फॉर्मवर नाव लिहिताना त्याचा हात थांबला. मग खालच्या आवाजात त्याने सांगितलं, की चेकवरचं नाव त्याच्या चुलतभावाचं आहे. भाऊ तरुणपणीच वारला आणि त्याच्या कागदांवर हा गिरणीत लागला. बावीस वर्षं त्याच नावाने हजेरी लावली, त्याच नावाने पगार घेतला. रेशनकार्डावर मात्र खरं नाव. मी नियम सांगितला, प्रतिज्ञापत्र घेऊन यायला सांगितलं. तो मान हलवून गेला आणि परत आला नाही. रिकिदोझानबद्दल वाचताना मला त्या माणसाचा अर्धवट भरलेला फॉर्म आठवत होता.

रिकिदोझानचं जन्मनाव किम सिन-राक. जन्म १४ नोव्हेंबर १९२४, कोरियाच्या ईशान्येकडचा हामग्योंग प्रांत, जो आज उत्तर कोरियात आहे. जपानने १९१० साली कोरिया गिळंकृत केला होता, त्यामुळे हा मुलगा जन्मला तोच जपानी साम्राज्याचा प्रजाजन म्हणून. तीन भावांत धाकटा. कोरियात सिरुम नावाचा कुस्तीचा जुना प्रकार आहे. दोन्ही गडी कमरेला आणि मांडीला बांधलेला कापडी पट्टा धरून एकमेकांना वाळूत पाडतात, आणि मोठ्या मैदानाचं बक्षीस म्हणून जिंकणाऱ्याला बैल मिळतो. आपल्या जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही. सिन-राकचा थोरला भाऊ सिरुममधला नावाजलेला गडी होता आणि धाकट्याची अंगकाठीही दांडगी होती. नागासाकीजवळच्या ओमुरा गावच्या मोमोता नावाच्या गृहस्थांची नजर या पोरावर पडली. जपानातल्या सुमोच्या तालमींशी त्यांचे संबंध होते. आईचा विरोध होता असं सांगतात. मुलगा जाऊ नये म्हणून त्याचं लग्न लावून दिल्याचंही सांगतात. पण १९४० साली, पंधरा वर्षांचा असताना, तो टोकियोच्या निशोनोसेकी तालमीत दाखल झाला.

तालमीने त्याला रिकिदोझान हे नाव दिलं. शक्ती, मार्ग आणि पर्वत या अर्थाची तीन अक्षरं. सुमोत प्रत्येक गड्याला असं आखाड्याचं नाव मिळतंच, त्यात वावगं काही नाही. खरा फेरफार झाला तो दुसऱ्या रकान्यात. सुमोच्या क्रमवारीच्या पत्रकावर प्रत्येक मल्लाचा मूळ प्रांत छापतात, कारण लोक आपापल्या मुलखाच्या गड्यामागे उभे राहतात. सुरुवातीला रिकिदोझानची नोंद कोरियाची होती. पुढे ती गेली आणि तिथे नागासाकीचं ओमुरा आलं. वसाहतीतून आलेल्या पोराला तालमीत काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, याची कल्पना करायला फार मोठ्या प्रतिभेची गरज नाही.

गडी मात्र अस्सल होता. नोव्हेंबर १९४६ मध्ये तो सुमोच्या सर्वांत वरच्या गटात पोचला. जून १९४७ च्या स्पर्धेत पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झालेल्या मल्लांत तो होता. निर्णायक लढतीत महामल्ल हागुरोयामाकडून हरला. १९४९ साली तो सेकिवाके झाला. हा सुमोतला वरून तिसरा दर्जा. यापुढे फक्त ओझेकी आणि सर्वांत वर योकोझुना. आणि इथेच १९५० च्या सप्टेंबरात, ऐन पंचविशीत, त्याने एके रात्री स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि आपली शेंडी स्वतःच्या हाताने कापून टाकली.

सुमोत शेंडीला केवढा मान, हे सांगायला हवं. मल्ल निवृत्त होतो तेव्हा भरसभेत, वस्तादांच्या आणि चाहत्यांच्या साक्षीने, शेंडी विधिपूर्वक उतरवतात. ती एकट्याने कापणं म्हणजे तालमीच्या तोंडावर दार आपटणं. कारण काय? वस्तादाशी पैशांवरून वाद झाला होता, हे एक. आजारपणात तालमीने विचारलं नाही, हे दुसरं. आणि तिसरं कारण, जे तेव्हा छापून येणं शक्यच नव्हतं: कोरियन मुलाला याहून वर जाऊ देणार नाहीत, हे त्याला उमगलं होतं, असं पुढे अनेकांनी लिहिलं. तिन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात.

शेंडी कापलेला मल्ल एका बांधकाम कंपनीत देखरेखीच्या कामाला लागला. नित्ता नावाचे तिचे मालक त्याचे आश्रयदाते होते आणि कंपनीची कामं अमेरिकी लष्कराच्या तळांवर चालत. याच सुमारास ओमुराच्या मोमोता घराण्याच्या कुटुंबनोंदीत त्याचं नाव आलं: मोमोता मित्सुहिरो. जपानमध्ये माणसाचं नागरिकत्व, वारसा, लग्न, सगळं या नोंदवहीवर चालतं. त्या नोंदीचं मोल लवकरच कळायचं होतं. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार अमलात आला, अमेरिकेची सत्ता संपली आणि जपान पुन्हा स्वतंत्र झाला. त्याच दिवशी जपानमध्ये राहणारे सुमारे ६ लाख कोरियन एका फटक्यात परदेशी ठरले. काल ज्यांना साम्राज्याची प्रजा म्हणून खाणींत आणि कारखान्यांत राबवलं, आज त्यांचं नागरिकत्व गेलं. सरकारी नोकऱ्यांची दारं बंद झाली. मोमोता मित्सुहिरो मात्र कागदोपत्री नागासाकीचा होता. तो जपानीच राहिला.

व्यावसायिक कुस्ती त्याला सापडली ती योगायोगाने. १९५१ च्या शरदात बॉबी ब्रन्स नावाचा अमेरिकी मल्ल आपला ताफा घेऊन टोकियोत आला. त्यात हवाईचा हॅरल्ड साकाताही होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्यात रौप्यपदक मिळवलेला आणि पुढे जेम्स बाँडच्या गोल्डफिंगरमध्ये टोपी फेकणारा खलनायक झालेला. २८ ऑक्टोबर १९५१ रोजी रिकिदोझान ब्रन्सशी दहा मिनिटं लढला आणि बरोबरीत सुटला. दहा मिनिटांत त्याचा दम निघाला होता, पण यात काय आहे ते त्याला कळलं होतं. १९५२ च्या फेब्रुवारीत तो हवाईला गेला, तिथे ओकी शिकिनाच्या हाताखाली शिकला, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लढला. १९५३ मध्ये परतल्यावर त्याने जपानची पहिली मोठी व्यावसायिक कुस्ती संघटना उभी केली.

त्याच वर्षी जपानमध्ये दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं होतं. पहिल्या जपानी बनावटीच्या संचाची किंमत होती १ लाख ७५ हजार येन. साध्या कारकुनाचा वर्षाचा पगारही तिथे पुरा पडला नसता. मग निप्पॉन टेलिव्हिजनच्या मात्सुतारो शोरिकी यांनी एक शक्कल लढवली. चौकाचौकांत, स्टेशनांसमोर, देवळांच्या आवारात मोठे संच मांडून ठेवले. आता त्यावर दाखवायचं काय, एवढाच प्रश्न होता.

उत्तर मिळालं १९ फेब्रुवारी १९५४ च्या संध्याकाळी. कुरामाएच्या सुमो सभागृहात रिकिदोझान आणि ज्यूदोचा महान खेळाडू मासाहिको किमुरा ही जोडी बेन आणि माइक या शार्प बंधूंविरुद्ध उतरली. शार्प बंधू धिप्पाड, गोरे. त्यांच्यापुढे काळी विजार घातलेला रिकिदोझान बुटका दिसत होता. गोऱ्यांनी नियम मोडायचे, किमुराला कोपऱ्यात घेऊन बडवायचं, आणि मग रिकिदोझानने रिंगणात येऊन तळहाताच्या कडेने छातीवर सपासप वार करायचे. त्या वाराला लोक कराटे चॉप म्हणू लागले. शिंबाशी स्टेशनसमोरच्या चौकात एका संचापुढे सुमारे वीस हजार माणसं उभी होती असं सांगतात. नऊ वर्षांपूर्वी या लोकांची शहरं बेचिराख झाली होती. सात वर्षं त्यांनी गोऱ्या सैनिकांना रस्ता सोडून दिला होता. आज एक जपानी गोऱ्याला लोळवत होता आणि माणसं रडत होती.

आता यातली गंमत पाहा. ज्यांना लोक अमेरिकन समजून शिव्या घालत होते ते शार्प बंधू कॅनडाचे. ज्याला जपानी समजून डोक्यावर घेत होते तो कोरियाचा. लढतीची रूपरेषा आधी ठरलेली. म्हणजे आमचे काका तिथे असते तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला असता. पण चौकातल्या त्या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं होतं असं म्हणायची माझी छाती होत नाही. वडिलांची बाजू मला तिथे कळते.

त्याच वर्षी २२ डिसेंबरला याच रिकिदोझानची दुसरी बाजू जगाला दिसली. जपानच्या अजिंक्यपदासाठी तो आपल्याच जोडीदाराशी, किमुराशी लढला. किमुरा म्हणजे १९५१ साली ब्राझीलमध्ये एलियो ग्रेसीला हरवणारा, ज्यूदोतलं दैवत. किमुराने पुढे सांगितलं की लढत बरोबरीत सोडवायची असं ठरलं होतं. मध्येच रिकिदोझान बिथरला, आणि ठरलेलं सगळं विसरून त्याने किमुराला हातांनी, लाथांनी अक्षरशः झोडपून काढलं. किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. किमुराने नको तिथे लाथ मारली म्हणून आपला तोल गेला, असा रिकिदोझानचा बचाव होता. कोणाचं खरं, हे आता ठरणार नाही. पण त्या दिवसापासून जपानमध्ये एकच पहिला मल्ल उरला. किमुरा १९९३ साली वारला. तो अपमान त्याच्या मनातून कधी गेला नाही.

पुढची नऊ वर्षं रिकिदोझानची. ऑक्टोबर १९५७ मध्ये जगज्जेता लू थेझ टोकियोला आला. कोराकुएनच्या बेसबॉल मैदानावर दोघं पूर्ण साठ मिनिटं लढून बरोबरीत सुटले आणि ८७ टक्के प्रेक्षकांनी ती लढत पाहिल्याची नोंद झाली. १९५८ पासून शुक्रवारी रात्री आठ वाजता कुस्ती आणि डिस्नेचा कार्यक्रम आलटून पालटून लागत. प्रायोजक मित्सुबिशी. दोन लढतींच्या मध्ये रिंगण त्यांच्याच व्हॅक्यूम क्लीनरने झाडायचे, की झाली जाहिरात. घराघरांत टीव्ही येत गेले, त्यात या माणसाचा वाटा मोठा होता. २४ मे १९६३ रोजी डिस्ट्रॉयर या मुखवटेधारी अमेरिकी मल्लाशी झालेली त्याची लढत ६४ टक्के घरांनी पाहिली. जपानच्या दूरदर्शनच्या इतिहासातल्या सर्वाधिक पाहिलेल्या कार्यक्रमांत ती अजून गणली जाते.

पैसा आला. टोकियोत त्याच्या नावाच्या इमारती उभ्या राहिल्या, शिबुयात रिकी स्पोर्ट्स पॅलेस झाला. मंत्री दोस्त झाले, तसे गुंडांच्या टोळ्यांचे म्होरकेही. दारू वाढली, बारमधल्या मारामाऱ्या वाढल्या. शिष्यांवर त्याचा हात सैल सुटायचा. त्या शिष्यांत पुढे प्रचंड नाव कमावलेले जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी होते. आणि एक होता किम इल. दक्षिण कोरियातला हा तरुण रिकिदोझानचं नाव ऐकून चोरून जपानमध्ये आला आणि पकडला गेला. रिकिदोझानने आपल्या राजकीय ओळखी वापरून त्याला सोडवलं, तालमीत ठेवलं आणि कुस्तीसाठी जपानी नाव दिलं: किंतारो ओकी. आपल्यावर झालेला संस्कारच त्याने पुढच्यावर केला, दुसरं काय. पण किम इलने पुढे मायदेशी आपल्या खऱ्या नावाने कुस्त्या केल्या आणि तो तिथला लाडका वीर झाला. गुरूला ते जमलं नाही.

का जमलं नाही? हाच प्रश्न मला छळत आला. एवढा पैसा, एवढी कीर्ती. मग भीती कोणाची? मला वाटतं, भीती त्या वीस हजार माणसांची होती. त्यांनी ज्याच्यावर प्रेम केलं तो ओमुराचा मोमोता होता. किम सिन-राक समोर आला असता तर त्याच चौकातल्या किती जणांनी त्याला भाड्याने खोली दिली असती? याचं उत्तर रिकिदोझानला ठाऊक होतं, कारण तो त्याच शहरात वाढला होता.

बेसबॉलपटू इसाओ हारिमोतो हाही कोरियन वंशाचा. त्याने सांगितलेली एक आठवण आहे. रिकिदोझानच्या घरी गेला असता यजमानाने दारं लावून घेतली, आणि मग रेडिओवर कोरियन गाणी लावली. एवढा बलदंड माणूस, स्वतःच्या घरात, आपल्या भाषेतलं गाणं ऐकायला आधी कडी लावतो.

त्याचं गाव युद्धानंतर सीमेच्या पलीकडे, उत्तर कोरियात गेलं होतं. तिकडे भाऊ होता आणि एक मुलगी. डिसेंबर १९५९ पासून निईगाता बंदरातून कोरियनांना उत्तरेकडे नेणारी जहाजं सुटू लागली. अशाच एका जहाजावर त्याची आणि मुलीची गुपचूप भेट झाल्याचं सांगतात. जानेवारी १९६३ मध्ये दक्षिण कोरियाच्या निमंत्रणावरून तो सोलला गेला. तिथे त्याचं जाहीर स्वागत झालं. जपानमध्ये मात्र एका वृत्तपत्राने मायदेशीची भेट म्हणून बातमी दिली तेव्हा तो संतापला. त्या दौऱ्यात तो पानमुन्जोमच्या सीमेवर गेला. कडाक्याची थंडी. असं सांगतात, की त्याने अंगातले कपडे काढून फेकले आणि उत्तरेकडे तोंड करून भावाच्या नावाने मोठ्याने हाक मारली. पलीकडून काय उत्तर येणार?

जूनमध्ये त्याने हवाई सुंदरी असलेल्या केइको तानाकाशी थाटात लग्न केलं. ८ डिसेंबर १९६३ च्या रात्री आकासाकातल्या न्यू लॅटिन क्वार्टर या नाइट क्लबमध्ये, स्वच्छतागृहाजवळ, एका टोळीतल्या तरुणाशी धक्का लागण्यावरून बाचाबाची झाली. रिकिदोझानने त्याला खाली पाडलं. त्याने खालून पोटात सुरा खुपसला. जखम प्राणघातक वाटत नव्हती. शस्त्रक्रिया झाली, मग गुंतागुंत झाली, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि १५ डिसेंबरला तो गेला. वय ३९. त्या लढतीची रूपरेषा कोणी ठरवली नव्हती.

त्याच्या जन्माची गोष्ट जपानी वाचकांसमोर उघडपणे आली ती मृत्यूनंतर पंधरा-वीस वर्षांनी. तोवर उत्तर कोरियाने त्याला आपला वीर म्हणून केव्हाच जवळ केलं होतं. त्याचा जावई तिथे क्रीडाखात्याचा मोठा अधिकारी झाला. १९९५ च्या एप्रिलमध्ये इनोकीने गुरूच्या मायभूमीत, प्योंगयांगच्या प्रचंड मैदानात कुस्त्या भरवल्या. २००४ साली कोरिया आणि जपानने मिळून त्याच्यावर चित्रपट काढला. त्याच तीन अक्षरांचा कोरियन उच्चार होतो योकदोसान. चित्रपटाचं कोरियातलं नाव तेच.

टोकियोतल्या इकेगामी होम्मोन्जी मंदिराच्या आवारात त्याची समाधी आहे, शेजारी हाताची घडी घातलेला अर्धपुतळा. चाहते अजून जातात.

माझं अर्धं आयुष्य सह्या पडताळण्यात गेलं. कागद बरोबर असेल तर माणूस बरोबर, असं आम्हाला शिकवलेलं. रिकिदोझानचा कागद बिनचूक होता आणि खोटा होता. त्या गिरणी कामगाराचा कागद खोटा होता, पण बावीस वर्षांचा घाम त्याचाच होता. तो आज समोर आला तर प्रतिज्ञापत्राआधी मी त्याला खुर्ची देईन, आणि घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात ते विचारीन. त्या दिवशी मी ते विचारलं नाही. रिकिदोझानला सिन-राक म्हणून हाक मारणारी माणसं सीमेपलीकडे होती, आणि तिथवर त्याचा आवाज पोचत नव्हता.